वाळ्यावरचा पत्ता आणि खाडीचा हिशेब

पौष महिन्यात ठाण्याच्या खाडीला ओहोटी लागली की ऐरोली आणि वाशी या दोन पुलांमधला चिखल दूरवर उघडा पडतो. त्या चिखलावर तीन प्रकारची माणसे येतात. पहिली तिकीट काढून होडीत बसलेली शहरी मंडळी. ती रोहित पक्ष्यांच्या गुलाबी थव्यांची छायाचित्रे घेतात. दुसरी काठाशी गुडघाभर चिखलात वाकून शिंपल्या नि चिंबोऱ्या वेचणारी, बोक्षी लावून कोळंबीची वाट पाहणारी कोळी माणसे. तिसरी हिवाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री बारीक जाळी लावून तुतवार, टिलवे, चिखल्या असे मूठभर वजनाचे पक्षी धरणारी, त्यांच्या पायात ॲल्युमिनियमचा वाळा अडकवून, वजन-मापे लिहून त्यांना पुन्हा सोडून देणारी पक्षी-अभ्यासकांची तुकडी. पहिल्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात आणि तिसऱ्यांच्या नोंदी संशोधनपत्रिकांत जातात. मधल्या माणसांची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो.

समाजवादी कार्यकर्त्याला या दृश्यात आपले काही आहे असे सहसा वाटत नाही. पक्षी पाहणे हा पोट भरलेल्यांचा फुरसतीचा छंद आहे, कामगाराची घरे, कोळ्याची जाळी आणि झोपडीचे पाणी हे प्रश्न समोर असताना परदेशी पाखरांच्या पायांतले वाळे मोजण्यात चळवळीने वेळ का घालवावा, असा सवाल कार्यकर्त्यांच्या बैठकांतून विचारला जातो. सवाल प्रामाणिक आहे, पण त्यामागचा विचार चुकीचा आहे. खाडी कोणाची, तिचा हिशेब कोणी ठेवायचा आणि तो कोणाला दाखवायचा, हा सत्तेचा प्रश्न आहे. पक्ष्याच्या पायातला वाळा हा त्या हिशेबातला आज उपलब्ध असलेल्या मोजक्या विश्वासार्ह आकड्यांपैकी एक आहे. तो श्रमिकांच्या चळवळीने सोडून दिला तर तो दुसऱ्यांच्या हाती जाईल. बऱ्याच अंशी तो गेलाही आहे.

वाळा काय सांगतो?

पक्षिशास्त्रज्ञ ज्याला वलयांकन किंवा रिंगिंग म्हणतात त्याची रीत अगदी साधी आहे. प्रत्येक वाळ्यावर एक क्रमांक असतो आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे अशी विनंती कोरलेली असते. पक्षी कोठे धरला, केव्हा, त्याचे वय, वजन, पंखाची लांबी, हे सारे त्या क्रमांकापुढे नोंदवहीत लिहिले जाते. पुढे तोच पक्षी जगाच्या पाठीवर कोठेही पुन्हा सापडला आणि सापडणाऱ्याने दोन ओळी लिहून कळविले, तर एका प्रवासाची दोन टोके जुळतात. भारतात या कामाची सुरुवात १९२७ च्या सुमारास धार संस्थानात झाली. धारच्या पवार महाराजांनी सोसायटीच्या वतीने बदकांच्या पायांत वाळे घातले. संस्थानिकाच्या हौसेतून सुरू झालेले हे काम तडीस नेले ते मात्र अनोळखी सामान्यांनी. राजस्थानात भरतपूरला वाळा घातलेले बदक सोव्हिएत संघातल्या एखाद्या सरोवराकाठी शिकाऱ्याच्या हाती लागावे, आणि त्याने तो वाळा फेकून न देता त्याची खबर मुंबईला पोहोचती करावी, अशा शेकडो छोट्या सौजन्यांवर स्थलांतराचे शास्त्र उभे राहिले. सरकारांनी सीमा बंद केल्या असतानाही शिकारी, शेतकरी आणि कोळी यांनी हा पत्रव्यवहार चालू ठेवला. आंतरराष्ट्रीयता म्हणतात ती याहून निराळी काय असते?

या शास्त्राने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली आहे. सैबेरियातून किंवा मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडून येणारा चिखलावरचा लहानसा पक्षी वाटेल तेथे उतरत नाही. वाळ्याच्या क्रमांकावरून त्याला ओळखता येते, आणि तोच पक्षी वर्षामागून वर्षे त्याच खाडीच्या त्याच चिखलावर परत येताना दिसतो. ही साधी माहिती आजच्या विकासाच्या राजकारणात किती स्फोटक आहे, ते पुढे दिसेल. तत्पूर्वी या नोंदवहीच्या इतिहासातले एक प्रकरण आठवणे आवश्यक आहे. समाजवाद्यांना त्यातून घेण्याजोगा धडा त्या वेळी अर्धाच घेतला गेला.

पैसा कोणाचा, माहिती कोणाची?

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना जीवघेणा ताप येऊ लागला. हा तोच माकडताप, ज्याने २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागातही बळी घेतले. त्याचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला, तेव्हा तो गोचिडींमार्फत स्थलांतरित पक्ष्यांनी आणला की काय, अशी शंका निर्माण झाली. या शंकेमुळेच सलीम अलींच्या पक्षी-स्थलांतर प्रकल्पाला १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले. भारतीय पक्ष्यांच्या पायांत मोठ्या प्रमाणावर वाळे पडू लागले ते तेव्हापासून. पक्ष्यांवरील तो संशय पुढे सिद्ध झाला नाही. परंतु आरोग्य संघटनेचा पैसा आटल्यावर साठीच्या दशकात या कामाला पैसा आला तो अमेरिकन लष्कराच्या खर्चाने आशियाभर चाललेल्या स्थलांतरित प्राण्यांच्या रोगविषयक सर्वेक्षणातून.

१९७४ साली या व्यवहाराविषयी वृत्तपत्रांत लिहून आले आणि १९७५ साली संसदेच्या लोकलेखा समितीने परकीय सहकार्याने चालणाऱ्या संशोधन प्रकल्पांवरील अहवालात त्यावर कडक टीका केली. कोणता पक्षी कोणत्या रोगाचे जंतू घेऊन कोठून कोठे जातो, ही माहिती जैविक युद्धाची तयारी करणाऱ्यांच्या उपयोगाची आहे, ती परकीय लष्कराच्या हाती का द्यावी, असा समितीचा प्रश्न होता. सलीम अली दुखावले गेले, आणि त्यांच्या व्यक्तिगत प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण तेव्हा नव्हते व आजही नाही. परंतु समितीचा प्रश्न व्यक्तीच्या चारित्र्याचा नव्हताच. ज्ञानाला पैसा कोण पुरवितो आणि ते ज्ञान अखेरीस कोणाच्या कपाटात जाते, हा तो प्रश्न होता आणि तो रास्त होता.

चूक झाली ती उत्तरात. परकीय पैशाला हरकत घेतली गेली, पण स्वकीय पैसा पुरेसा उभा केला गेला नाही. परिणाम असा झाला की ऐंशीच्या दशकात त्याच कामाला पैसा पुन्हा अमेरिकेशी निगडित मार्गानेच आला. पी. एल. ४८० च्या कराराखाली आलेल्या गव्हाच्या किमतीपोटी भारतात साठलेल्या रुपयांतून पक्ष्यांच्या आणि पाणथळींच्या अभ्यासांचा खर्च भागविला गेला. परक्या गव्हावर पोसलेले राष्ट्र आपल्या पाखरांचा हिशेबही त्याच गव्हाच्या पैशातून ठेवीत होते. लोकलेखा समितीचा खरा धडा असा होता: ज्या ज्ञानाचे परिणाम सर्व जनतेला भोगावयाचे आहेत, त्याचा खर्च जनतेच्या तिजोरीतून झाला पाहिजे आणि त्याची वही जनतेला उघडी असली पाहिजे. हा धडा कोणी गिरविला नाही.

आज लष्कराची जागा प्रकल्पकर्त्याने घेतली आहे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची जी पद्धत या देशात १९९४ पासून बंधनकारक झाली, तिच्यात मूल्यांकन करणारा सल्लागार नेमतो प्रकल्पकर्ता, आणि त्याचे शुल्कही देतो प्रकल्पकर्ताच. ज्याचा माल तपासावयाचा त्यानेच तपासनिसाला पगार द्यावा, ही रीत किराणा दुकानातही कोणी मान्य करणार नाही. एखादा शास्त्रज्ञ या चौकटीतही सचोटीने काम करतो, हे खरे. परंतु सार्वजनिक व्यवस्था व्यक्तींच्या सचोटीवर सोडून देता येत नाही. हिशेब तपासनीस स्वतंत्र असावा हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम आहे आणि तो खाडीलाही लागू आहे.

जाळे टाकणारे हात

या नोंदवहीत आणखी एक मोठी रिकामी जागा आहे. वाळा घालण्यापूर्वी पक्षी धरावा लागतो, आणि इजा न होता जिवंत धरणे हे पदवीने साधणारे काम नव्हे. सोसायटीच्या वलयांकनाचा पाया ज्यांच्या कौशल्यावर उभा राहिला ते बिहारमधील मीरशिकार. पिढ्यान् पिढ्या पक्षी धरण्यावर जगणारी ही गरीब मुसलमान जमात. वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ, थवा कोणत्या बांधावर उतरेल याचा अंदाज, फासे व जाळी यांचे असंख्य प्रकार आणि पक्ष्याच्या बोलीची हुबेहूब नक्कल, हे त्यांचे विद्यापीठ. अली हुसेन यांच्यासारख्या मीरशिकाराचे नाव भारतीय पक्षिशास्त्रात आदराने घेतले जाते. परंतु संशोधन-निबंधाच्या शिरोभागी नावे झळकतात ती पदवीधरांची. पक्षी धरणाऱ्यांचा उल्लेख बहुधा आभारांच्या परिच्छेदात होतो.

१९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर संपूर्ण बंदी आली. ती योग्यच होती. पिंजऱ्यांच्या बाजारात कोंबून मरणाऱ्या लक्षावधी पक्ष्यांसाठी ती आवश्यक होती. परंतु व्यापाऱ्याने दुसरा व्यापार शोधला आणि पारधी मात्र कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरून रस्त्यावर आला. ज्या हातांत एवढे ज्ञान होते त्या हातांना देशभरच्या अभयारण्यांत पगारी काम देण्याची योजना सहज आखता आली असती. काही मोजक्या माणसांना संशोधन संस्थांनी सामावून घेतले, आणि जमातीचा विचार कोणी केला नाही. जंगलाचे, पाण्याचे आणि पाखरांचे ज्ञान गरिबाकडून घ्यावयाचे आणि त्याबद्दलचा मान, पगार व हक्क वरच्यांनी वाटून घ्यावयाचे, ही या देशातील जातिव्यवस्थेची जुनी सवय विज्ञानाच्या अंगणातही सुटलेली नाही.

गुलाबी सरासरी

आता खाडीकडे पाहू. शिवडीच्या चिखलावर रोहित पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० च्या दशकात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरांचा पट्टा रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. २०१९ च्या गणनेत मुंबईच्या परिसरात एक लाखाहून अधिक रोहित नोंदले गेले. २०२२ साली खाडीचे ६,५२१ हेक्टर क्षेत्र रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून समाविष्ट झाले. या आकड्यांचा उपयोग राज्यकर्त्यांनी कसा करावा? पूल बांधले, कारखाने चालले, मैलापाणी सोडले, तरीही पाखरे वाढलीच ना, असा!

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला १९६३ सालचा लोकसभेतील वाद आठवल्यावाचून राहणार नाही. देशातील माणशी दररोजचे उत्पन्न पंधरा आणे आहे असे सरकार सांगत होते आणि सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे डॉ. राममनोहर लोहिया बजावीत होते. सरासरीच्या आड दारिद्र्य लपविले जाते, हे त्या वादाने देशाला शिकविले. एक लाख रोहित हा खाडीचा पंधरा आण्यांचा आकडा आहे. लहान रोहित पक्षी जगतो तो पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळावर, आणि ते शेवाळ माजण्यामागे महानगराच्या मैलापाण्यातून येणाऱ्या पोषक द्रव्यांचा हात असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे जो पक्षी गढूळ पाण्यात वाढतो त्याचीच संख्या पाण्याच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. त्याच पाण्यात जाळे टाकणारा कोळी वर्षानुवर्षे सांगतो आहे की मासळी घटली, जाळ्यात प्लास्टिक अधिक येते, पूर्वी सहज मिळणारी जिताड्यासारखी मासळी आता दुर्मीळ झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांनी खाडीत काय ओतले याचा जमाखर्च रोहितांच्या गणनेत दिसणार नाही.

म्हणूनच वाळ्याचे महत्त्व अधिक. चिखलातले किडे, शंख आणि बारीक कवचधारी जीव खाणाऱ्या लहान पक्ष्यांचे वजन, त्यांचे वय, त्यातले किती परत आले, या नोंदी चिखलाची प्रकृती गुलाबी थव्यापेक्षा अधिक खरेपणाने सांगतात. ज्या चिखलात तुतवाराला किडा मिळतो त्याच चिखलावर कोळंबीचे आणि निवटीचेही पोट अवलंबून असते. पक्ष्याचे वजन आणि कोळणीच्या टोपलीतली मासळी या एकाच ताळेबंदाच्या दोन बाजू आहेत. आज यांपैकी एकच बाजू लिहिली जाते, आणि तीही इंग्रजीत.

‘पक्षी दुसरीकडे जातील’

विकासवाद्यांचा आवडता युक्तिवाद असा: पक्ष्याला पंख आहेत, एक जागा गेली तर तो दुसरीकडे जाईल. हाच युक्तिवाद गिरणी कामगाराला ऐकविला गेला, झोपडीवासीयाला ऐकविला गेला, धरणग्रस्ताला ऐकविला गेला. पंखांच्या जागी पाय म्हटले की झाले. वाळ्याने या युक्तिवादाचा कणा मोडला आहे. पक्षी त्याच चिखलावर परत येतो याचा अर्थ असा की ‘दुसरीकडे’ ही रिकामी जागा नाही. तेथे आधीच दुसरे पक्षी आहेत आणि तेथले अन्नही मोजकेच आहे. टंचाईच्या जगात स्थलांतर फुकट होत नाही. त्याची किंमत कोणीतरी उपासमारीने मोजतो, मग तो पक्षी असो वा माणूस.

२०२२ साली सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसविण्यात आली. त्यांच्या हालचालींनी खाडीकाठच्या माणसांना पूर्वीपासून ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा दाखविली. भरतीला अभयारण्याचा चिखल पाण्याखाली जातो तेव्हा पक्ष्यांना विसाव्यासाठी नवी मुंबईतील उथळ पाणथळी लागतात. या पाणथळी अभयारण्याच्या नकाशाबाहेर आहेत. सहा तास संरक्षण आणि सहा तास बिल्डरच्या दयेवर, अशी ही व्यवस्था. सीवूड्स परिसरातील अशा जागेवर गोल्फचे मैदान व घरे उभारण्याचा घाट घातला गेला होता. तो २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने मोडून काढला. नेरूळच्या तलावात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे पक्षी मरू लागले. २० मे २०२४ रोजी घाटकोपरवर विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले. नागरिकांनी सतत आवाज उठविल्यावर २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने नेरूळच्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. लोकांनी हिशेब मागितला म्हणून एवढे तरी पदरात पडले.

याच खाडीच्या मुखावर, जेथे रोहित प्रथम दिसले त्या शिवडीपासून, सतरा हजार कोटींहून अधिक रुपये खर्चून बांधलेला सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याची लांबी २१.८ किलोमीटर. मोटारीला एका फेरीचा पथकर अडीचशे रुपये ठरला. दुचाकी आणि रिक्षा यांना तेथे प्रवेश नाही. म्हणजे कामगाराचे वाहन सेतूवर चढू शकत नाही आणि कोळ्याच्या होडीने मात्र सेतूखालून वाट शोधावी! पक्ष्यांवर या सेतूचा परिणाम काय होतो याचा अभ्यास निदान होतो तरी. त्या चिखलावर उतरणाऱ्या माणसांवर काय परिणाम झाला याचा अभ्यास त्याच काटेकोरपणे, दरवर्षी, क्रमांकवार का होऊ नये?

कोळ्याला वगळून खाडी नाही

येथे दुसऱ्या बाजूच्या चुकीचाही समाचार घेतला पाहिजे. निसर्गप्रेमींपैकी काहींना निर्मनुष्य अभयारण्य हेच आदर्श वाटते. हिवाळी पक्ष्याला ते ‘पाहुणा’ म्हणतात आणि पिढ्यान् पिढ्या त्याच चिखलात राबणाऱ्या कोळ्याकडे घुसखोर म्हणून पाहतात. या दृष्टिकोनाचा निकाल भरतपूरने केव्हाच लावला आहे. १९८२ साली तेथील राष्ट्रीय उद्यानात म्हशी चारण्यास बंदी घालण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी दशकभर अभ्यास करून निष्कर्ष काढला की म्हशी गेल्यामुळे गवत बेसुमार माजले, पाणी झाकले गेले आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. ज्या संस्थेने चराईबंदीच्या बाजूने मत दिले होते तिनेच स्वतःच्या मताविरुद्ध पुरावा मांडला, ही त्या संस्थेची सचोटी. परंतु गवत कापणाऱ्या आणि म्हशी चारणाऱ्या माणसांना हे आधीच ठाऊक होते, त्यांना कोणी विचारले नाही, ही राज्यव्यवस्थेची अप्रतिष्ठा. सचोटीची नोंदवही आली, पण गोळीबारानंतर आली.

कायद्यात कोळ्याचे नाव नाही असेही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २६ अ मध्ये सागरी हद्दीचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छिमारांच्या व्यवसायाच्या हिताचे रक्षण करण्यासाठी पुरेशी उपाययोजना करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. २०२१ साली वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मरीयायी मच्छिमार सहकारी संस्थेने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि पुलामुळे बाधित होणाऱ्या मच्छिमारांना भरपाई मिळालीच पाहिजे हे तत्त्व न्यायालयाकडून मान्य करून घेतले. छोट्याशा सहकारी संस्थेचा हा विजय मोठ्या पक्षांच्या डझनभर ठरावांपेक्षा मोलाचा आहे. परंतु भरपाईचा दावा सिद्ध करताना कोळ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती पुराव्याची. पूर्वी किती मासळी मिळत होती, आता किती मिळते, याची वर्षवार नोंद कोठे आहे? पाखराच्या वजनाची नोंद ग्रॅमपर्यंत मिळू शकते. कोळ्याच्या टोपलीची नोंद किलोपर्यंतही मिळत नाही. ज्याची नोंद नाही त्याचे नुकसान न्यायालयात उभे राहत नाही, आणि ज्याचे नुकसान उभे राहत नाही त्याची भरपाई ही दया ठरते, हक्क ठरत नाही.

काय करावे?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, खाडीवरील वलयांकनाचा आणि गणनेचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकातून, स्वतंत्र निधीतून व्हावा. प्रकल्पकर्त्याकडून पैसा घ्यावयाचा असेल तर तो करासारखा सरकारी तिजोरीत जमा व्हावा, आणि अभ्यास कोणी करावयाचा हे ठरविण्याचा अधिकार प्रकल्पकर्त्याला नसावा. दुसरी, या अभ्यासांची वार्षिक नोंद मराठीत छापून खाडीकाठच्या प्रत्येक कोळीवाड्यात आणि मच्छिमार सोसायटीत जाहीर वाचली जावी. तिसरी, पक्ष्यांच्या नोंदीबरोबर मासळीची, शिंपल्यांची आणि पाण्याच्या प्रतीची नोंद त्याच वहीत, त्याच तारखांना ठेवली जावी, आणि ते काम खाडीकाठच्या मुलामुलींना प्रशिक्षण व वेतन देऊन सोपवावे. चौथी, जाळे लावणारे, होडी वल्हवणारे आणि पक्षी धरणारे यांची नावे अहवालात सहकारी अभ्यासक म्हणून यावीत. पाचवी, भरतीच्या वेळचे सर्व विसावे अभयारण्याच्या संरक्षणाखाली यावेत, मात्र मच्छिमारांचे हक्क आधी लेखी निश्चित करूनच.

मागण्या केल्या की काम संपले असे मानण्याची खोड चळवळीला आहे. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते आणि १९८७ पासून भारतातही स्वयंसेवक ती करीत आले आहेत. त्यात विद्यार्थी असतात, डॉक्टर असतात, निवृत्त अधिकारी असतात. कामगार संघटनेचा किंवा समाजवादी पक्षाचा कार्यकर्ता शोधावा लागतो. ठाणे, भांडुप, तुर्भे, वाशी येथील शाखांनी येत्या हिवाळ्यात कोळीवाड्यांतील तरुणांसह या गणनेत उतरावे. दुर्बीण उसनी मिळते, आणि पक्ष्यांची नावे कोळ्याला पुस्तकातल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. गणना संपल्यावर त्याच दिवशी त्याच चिखलावर त्या आठवड्याची मासळीही लिहून काढावी. असे दहा हिवाळे झाले की न्यायालयात, विधानसभेत आणि जनसुनावणीत ठेवता येईल अशी लोकांची स्वतःची वही तयार होईल. ती वही प्रकल्पकर्त्याच्या अहवालाला पुराव्यानिशी उत्तर देऊ शकेल.

वाळ्यावर कोरलेली विनंती साऱ्या जगाला सांगते की पक्षी सापडला तर मुंबईला कळवा. गेल्या शतकभरात अनोळखी माणसांनी दूरदेशांतून ते इमानाने कळविले. मुंबईने मात्र आपल्याच खाडीतल्या माणसांना काही कळविण्याची तसदी घेतली नाही: पूल कोठे येणार, पाण्यात काय सोडले जाते, चिखलाखाली काय मरत आहे, यांपैकी काहीच नाही. तो पत्ता आता बदलला पाहिजे. माहिती जमा होईल ती मुंबईत, पण तिची पहिली प्रत कोळीवाड्यात पोहोचली पाहिजे. ती मागून घेण्यासाठी कार्यकर्त्यांना चिखलात उतरावे लागेल.